तिळा तिळा, दार बंद कर!

संक्रांतीला आपण तीळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. पैदासकार मात्र गेली ऐंशी वर्षं तिळालाच तोंड मिटून बसायला शिकवताहेत. दाण्याचा उतारा वाढवण्याचं त्यांचं गणित नेमकं कुठे अडतं, कुठे सुटतं, याच्या या चटकदार गोष्टी.

१. पिकलं की फुटलं

तिळाचं बोंड वाळलं की टोकाकडून खाली उकलत जातं. मग वाऱ्याची एक झुळूक आली, चालताना कुणाचा धक्का लागला, की दाणे जमिनीवर. रानात वाढणाऱ्या झाडाला हे फार सोयीचं, कारण पुढच्या पावसाची पेरणी ते स्वतःच उरकून घेतं. शेतकऱ्याच्या अंगाचा मात्र तिळपापड होतो. कापणीला उशीर झाला आणि वारं सुटलं तर निम्म्यापर्यंत पीक मातीत जाऊ शकतं.

म्हणूनच जगातला जवळजवळ सगळा तीळ आजही हातानं कापला जातो, तोही बोंडं उकलण्याआधी. पानं पिवळी पडून गळायला लागली, खालची बोंडं पिवळसर दिसली की विळा चालवायचा. पेंढ्या बांधून त्या खळ्यावर उभ्या करायच्या, बोंडांची तोंडं वर ठेवून. चार-पाच दिवसांनी ताडपत्रीवर उलट्या करून झटकायच्या. राहिलेल्या बोंडांसाठी पुन्हा उन्हात ठेवायच्या, पुन्हा झटकायच्या. तिळाच्या मजुरीचा मोठा हिस्सा या उभं करण्यात आणि उलटं करण्यात जातो.

२. व्हेनेझुएलातलं हट्टी बोंड

१९४३ साल. डेराल्ड लँगहॅम हे अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ व्हेनेझुएलात तिळावर काम करत होते. त्यांना एक असं झाड सापडलं, ज्याची बोंडं वाळूनही उघडेनात. तपासणीत कळलं की हा सगळा एका अप्रभावी जनुकाचा प्रताप आहे. आई आणि बाप दोघांकडूनही तो आला तरच बोंड बंद राहतं. १९४६ साली त्यांनी ‘जर्नल ऑफ हेरेडिटी’मध्ये तिळावरच्या लेखमालेतला तिसरा लेख छापला. त्याच्या शीर्षकात त्यांनी अलिबाबाचा मंत्रच घातला होता : ‘ओपन सेसमी’! शास्त्रज्ञांनाही विनोद सुचतो तो असा.

आता गुहा बंद झाली, खजिना सुरक्षित झाला, असं सगळ्यांना वाटलं. पण बोंड इतकं चिवट निघालं की मळणी करताना ते फुटेना. जोर लावला तर आतला दाणा चेंगरे, आणि तिळाचा दाणा चेंगरला की त्यातलं तेल खवट व्हायला वेळ लागत नाही. शिवाय या जनुकाबरोबर फुकटची पाहुणेमंडळी आली होती : आत वळलेली पानं, वाकडंतिकडं खोड, आखूड बोंडं, कमी फलधारणा. दाणा गळायचा थांबला, पण मुळात धरायचाच कमी. उत्पन्न वाढवायला निघालेल्या पैदासकाराला निसर्गानं पहिला धडा शिकवला : एक गुण मागाल तर त्याच्या गळ्यातलं लोढणंही घ्यावं लागेल.

३. दार किलकिलं ठेवा

पुढचा उपाय बापलेकांनी मिळून काढला असं म्हणता येईल. लँगहॅम यांनी बंद बोंडाचा संकर पातळ टरफलाच्या तिळाशी करून पाहिला, म्हणजे मळणीला सोपं जाईल. त्यांचे चिरंजीव रे लँगहॅम यांनी हेच काम ‘सेसाको’ या १९७८ साली सुरू झालेल्या अमेरिकन कंपनीत वर्षानुवर्षं पुढे नेलं. त्यांनी पूर्ण बंद बोंडाचा नादच सोडला. नवं बोंड टोकाला थोडंसं उकलतं, म्हणजे आतला ओलावा निघून जातो आणि दाणा शेतातच वाळतो. पण बोंडाचा आकार मध्ये आवळलेला, आतला पडदा शाबूत आणि दाणा आपल्या देठाला घट्ट धरलेला. वारा आला तरी दाणा जागेवर, कंबाइन आलं की बाहेर.

टेक्सास आणि ओक्लाहोमा राज्यांत आज असा तीळ माणसाचा हात न लागता कापला जातो. त्यासाठी एखादा चमत्कारी जनुक सापडला नाही. आकार, पडदा, देठ, उकल असे छोटे-छोटे गुण एकेका पिढीत निवडून एका झाडात आणावे लागले. तिळाच्या पैदाशीत घाई चालत नाही हे यातून दिसतं.

जाता जाता : हेच डेराल्ड लँगहॅम पुढे भूमितीच्या नादी लागले. ‘जेनेसा’ नावाच्या त्यांच्या घनाकृती रचनांना आजही चाहते आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना या माणसानं तिळाला गप्प बसवलं होतं याचा पत्ताही नसतो.

४. हिशेब मांडून बघा

हजार तिळांचं वजन साधारण तीन ग्रॅम. म्हणजे किलोभर तिळात तीन लाखांहून जास्त दाणे. आता ३० सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर अंतरावर पेरलं तर एका हेक्टरात सव्वादोन लाखांच्या आसपास झाडं बसतात. भारताचं सरासरी उत्पन्न हेक्टरी पाच क्विंटलच्या आगेमागे धरलं तर एका झाडाच्या वाट्याला येतात जेमतेम सव्वादोन ग्रॅम. म्हणजे साडेसातशे दाणे.

एका बोंडात साठेक दाणे धरले तर साडेसातशे दाणे झाले बारा-तेरा बोंडांत. आणि नीट वाढलेल्या तिळाच्या झाडाला पन्नास बोंडं सहज लागतात. मग बाकीची गेली कुठे? काही झाडं उगवलीच नाहीत, काही पाण्यानं गेली, काही बोंडं अळीनं पोखरली, काहींत दाणा भरला नाही, आणि उरलेली कापणीआधी फुटली. उत्पन्नाचा प्रश्न झाडाच्या ताकदीपेक्षा गळतीचा जास्त आहे, हे पैदासकार का सांगतात ते या गणितात दिसतं.

५. बेचक्यातली बढती

तिळाच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात फूल येतं. काही वाणांत एका बेचक्यात एकच फूल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पिवळट गाठी. या गाठी मध पाझरतात, मुंग्या तिथे हमखास दिसतात. गंमत अशी की त्या गाठी म्हणजे वाढ खुंटलेली फुलंच. काही वाणांत त्यांना बढती मिळते : गाठीच्या जागी फुलं येतात आणि एका बेचक्यात एकाऐवजी तीन बोंडं लागतात!

एकाचे तीन म्हणजे तिप्पट उत्पन्न, असं मात्र होत नाही. झाडाकडे अन्न तेवढंच. बोंडं वाढली की त्यातले दाणे कमी होतात, किंवा दाणा बारीक पडतो. एक तीळ सात जणांत वाटून खायची वेळ झाडावर येते. म्हणून पैदासकार तीन आकड्यांवर एकदम नजर ठेवतो : झाडावरची बोंडं, बोंडातले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन. या तिघांत उत्पन्नाशी सगळ्यात घट्ट नातं बहुतेक वेळा बोंडांच्या संख्येचं निघतं.

६. चार कप्पे की आठ?

बोंड आडवं कापलं तर बहुतेक तिळांत चार कप्पे दिसतात. काही वाणांत आठ. आठ कप्प्यांचं बोंड जाडजूड आणि रुबाबदार, पण वाळायला वेळ घेतं. शिवारात भाव खाऊन जाणारं बोंड पोत्यात भाव खाईलच असं नाही.

७. आंतरजातीय लग्न, संध्याकाळच्या मुहूर्तावर

संकर करायचा म्हणजे एका फुलाचे पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग त्याच्या कुक्षीवर लावायचा. भातात हे काम म्हणजे डोळ्यांची परीक्षा. तिळात मात्र निसर्गानं पैदासकारावर मेहेरबानी केली आहे. तिळाच्या फुलाचे चारही पुंकेसर पाकळ्यांच्या नळीला आतून चिकटलेले असतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखायची, चिमटीत धरून पाकळ्यांची नळी अलगद ओढायची. पुंकेसर सगळे तिच्यासोबत बाहेर. मागे उरते उघडी कुक्षी. तिच्यावर शीतपेयाच्या नळीचा छोटा तुकडा टोपीसारखा घातला की मधमाशीलाही प्रवेश बंद.

सकाळी टोपी काढायची, बापाच्या झाडाचा ताजा पराग लावायचा, टोपी परत घालायची, देठाला दोरा बांधायचा. फुलाचं आयुष्य दिवसभराचंच. सकाळी उमलतं, संध्याकाळपर्यंत पाकळ्या गळून पडतात. एका लग्नातून पन्नास-साठ दाणे हाती येतात. पैदासकाराला आणखी काय हवं?

८. मधमाशीची लुडबुड

तीळ मुळात स्वपरागी. फूल उमलेपर्यंत आतल्या आत परागण बरंचसं उरकलेलं असतं. पण मधमाश्यांना या फुलाची ओढ मोठी. त्या फिरल्या की परका पराग येतोच. साधारणपणे हे प्रमाण कमी असतं, पण माश्या भरपूर असल्या तर बरंच वर जातं. म्हणून बियाण्याच्या तिळाला शेजार चालत नाही. पायाभूत बियाण्याच्या प्लॉटपासून दुसरा तीळ १०० मीटर दूर हवा, प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटपासून ५० मीटर. शेजाऱ्याच्या बांधावर काळा तीळ असेल आणि आपला पांढरा, तर दोन-चार वर्षांत आपल्या पोत्यात करडे-तपकिरी दाणे दिसू लागतात.

९. माणूस पाचात गार, तीळ पाचशेतही तयार

नवे गुण हवेत आणि कुठल्याच वाणात सापडत नाहीत, तेव्हा पैदासकार बियाण्यावर गॅमा किरण सोडतो. किरणांनी जनुकांत बदल होतात. त्यातले बहुतेक बिनकामाचे, काही घातक, एखादा सोन्यासारखा. भारतीयांना ही वाट नवी नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निघालेला ‘टीएजी-२४’ भुईमूग अनेक शेतकऱ्यांनी पेरला आहे.

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. संपूर्ण अंगावर एकदम पाचेक ग्रे पडले तर उपचारांविना माणूस बहुधा वाचत नाही. तिळाच्या कोरड्या दाण्यावर ५०० ग्रे सोडले तरी त्यातले काही उगवतात! हट्टीपणा बोंडापुरता नाही, तो दाण्याच्याही रक्तात आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक अन्न व शेती संघटना यांनी १९९० च्या दशकात अनेक देशांना एकत्र घेऊन केवळ तिळाच्या उत्परिवर्तनावर संयुक्त प्रकल्प चालवला. तुर्कस्तान, दक्षिण कोरिया, भारत, इजिप्त अशा ठिकाणी यातून नवे प्रकार हाती आले. ओडिशातला ‘कालिका’ हा वाण रसायनानं घडवलेल्या उत्परिवर्तनातून आलेला आहे. त्याचा मूळ वाण ‘विनायक’.

१०. ‘पुरे’ म्हणायला शिकवलं

तिळाला थांबायचं कळत नाही. खालची बोंडं पिकून फुटायला आली तरी शेंड्याला नवी फुलं येतच असतात. एकाच झाडावर नातवंडं आणि पणजोबा. कापणी कधी करायची? लवकर केली तर वरचे दाणे पोचट, उशिरा केली तर खालचे मातीत.

इस्रायलमधले तीळतज्ज्ञ आम्राम आश्री यांनी याला किरणांनीच उत्तर शोधलं. ‘नंबर ४५’ या स्थानिक वाणावर गॅमा किरण सोडून त्यांना एक बुटका प्रकार मिळाला. ठरावीक उंचीला पोचल्यावर त्याचा शेंडा फुलांचा झुबका करून वाढ थांबवतो. त्याचं नाव पडलं ‘डीटी-४५’. बोंडं बऱ्याच अंशी एका वेळी पिकतात. पण इथेही लोढणं आलंच : झाड लवकर थांबतं, म्हणजे बोंडंही कमी. म्हणून आता हा गुण उंच, जोमदार वाणांत घालून मधला मार्ग काढण्याची खटपट चालते. पुढे चिनी शास्त्रज्ञांनी वाढ थांबवणारा जनुक आणि बोंड बंद ठेवणारा जनुक, दोन्ही नेमके शोधून काढले. लँगहॅम यांच्या काळात जे झाड पिकेपर्यंत कळत नसे, ते आता कोवळ्या रोपाच्या पानातून तपासता येतं.

११. घर आपलंच

तिळाच्या रानटी जाती आफ्रिकेत भरपूर. त्यामुळे तीळ आफ्रिकेतला, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. अमेरिकन संशोधक डोरोथिया बेडिजियन यांनी वनस्पतीशास्त्र, रसायन आणि पुरातत्त्व यांचे धागे जुळवून तिळाचं मूळ भारतीय उपखंडात असल्याचं ठामपणे मांडलं. इथे उगवणारा रानतीळ लागवडीच्या तिळाशी सहज संकर करतो. दोघांचीही गुणसूत्रं २६. हडप्पाच्या उत्खननात जळक्या तिळांचा गोळा मिळाला होता, म्हणजे आपल्या पूर्वजांचा तिळाशी घरोबा साडेचार-पाच हजार वर्षांचा तरी आहे.

रानतिळाचा दाणा पडल्यावर लगेच उगवत नाही, तो वाट बघतो. माणसानं निवडत निवडत ही झोप काढून टाकली. पेरलं की उगवायला हवं ना! याची किंमत शेतकरी आजही मोजतो : कापून उभ्या केलेल्या पेंढ्यांवर पाऊस पडला तर बोंडातल्या बोंडात दाणे कोंब काढतात.

१२. फुलाचं पान झालं!

तिळाचा एक रोग अगदी जादूटोण्यासारखा वाटतो. शेतात एखादं झाड अचानक हिरवा झुपका होऊन बसतं. फुलांच्या जागी पानं, बोंडाचा पत्ता नाही. मराठीत याला पर्णगुच्छ म्हणतात. फायटोप्लाझ्मा हा जिवाणूच्या कुळातला, पण भिंत नसलेला सूक्ष्म जीव हा रोग घडवतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. लागण लवकर झाली तर त्या झाडाचं दाण्यांचं उत्पन्न शून्य.

प्रतिकारशक्ती कुठून आणायची? पुन्हा रानतिळाकडे हात पसरायचा. रानतिळात या रोगाला दाद न देण्याचा गुण सापडतो. त्याच्यासोबत काळपट खरखरीत दाणा आणि फुटकी बोंडंही येतात. मग सुरू होतो तो पिढ्यान्‌पिढ्यांचा खेळ : चांगला वाण पुन्हा पुन्हा लग्नाला उभा करायचा आणि रानटी सासरचा एक गुण ठेवून बाकीचं सामान परत पाठवायचं.

१३. उन्हाळा सोसतो, डबकं नाही

तिळाचं सोटमूळ खोल जातं. पावसानं दडी मारली तरी तो तग धरतो. पण शेतात दोन-तीन दिवस पाणी साचलं की माना टाकतो. खरिपातला तीळ काळ्या, भारी, निचरा नसलेल्या जमिनीत का फसतो, त्याचं उत्तर हेच. पाणी सोसणारे वाण शोधण्यावर चीन आणि कोरियात बरीच मेहनत चालते. आपल्याकडे तोवर सरी आणि चर हाच इलाज.

१४. तिलोत्तमा शिवारात

पश्चिम बंगालमध्ये ‘बी-६७’ नावाचा एक जुना प्रसिद्ध वाण आहे. त्याचं घरगुती नाव ‘तिलोत्तमा’. महाभारताच्या आदिपर्वात सुंद आणि उपसुंद या दैत्यांना भुलवण्यासाठी विश्वकर्म्यानं जगातल्या प्रत्येक सुंदर वस्तूतला तीळ तीळ अंश घेऊन ही अप्सरा घडवली. पैदासकार वर्षानुवर्षं दुसरं काय करतो? एका झाडाची उंची, दुसऱ्याची बोंडं, तिसऱ्याचा पांढरा दाणा. फरक इतकाच की विश्वकर्म्याला राज्यस्तरीय चाचण्या द्याव्या लागल्या नव्हत्या.

१५. तापीकाठचे वाण

महाराष्ट्रात तिळाच्या पैदाशीचं माहेरघर म्हणजे जळगाव. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तिथल्या तेलबिया संशोधन केंद्रातून ‘तापी’ म्हणजे जेएलटी-७, ‘पद्मा’ म्हणजे जेएलटी-२६ आणि जेएलटी-४०८ हे वाण आले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एकेटी-६४ आणि एकेटी-१०१ दिले. पद्मा अडीच महिन्यांत घरात येतो, तापी त्यानंतर आठवडाभरानं, एकेटी-१०१ तीन महिने घेतो. पंधरा-वीस दिवसांचा हा फरक किरकोळ वाटतो, पण हलक्या जमिनीत, पाऊस लवकर संपणाऱ्या भागात दाणा भरतो की पोचट राहतो हे त्यावरच ठरतं. सगळ्यात जास्त उत्पन्न देणारा वाण सगळ्यांसाठी चांगला, हा समज तिथेच खोटा पडतो.

छोट्या मुदतीचा पैदासकारालाही फायदा. खरीप आणि उन्हाळी अशा वर्षात दोन पिढ्या घेता येतात. तरी संकरापासून शुद्ध, स्थिर वाण मिळेपर्यंत सहा-आठ पिढ्या जातात. मग वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या, जुन्या वाणाशी तुलना, मग मान्यता. आज केलेल्या संकराचा तीळ तुमच्या लाडवात यायला दशक उलटतं.

१६. पांढरा बाजाराला, काळा पितरांना

बेकरीला, तीळपापडीला, निर्यातीला पांढराशुभ्र दाणा लागतो. श्राद्धाला आणि पूजेला काळा. पैदासकार भरघोस उत्पन्न देणारा वाण काढतो आणि दाणा मळकट निघाला की व्यापारी तोंड फिरवतो. गुजरातेत अमरेलीच्या केंद्राचा ‘जीटी-१०’ हा काळ्या तिळाचा वाण नावाजला गेला. पूर्व आशियात काळ्या तिळाला स्वयंपाकात मोठा मान आहे.

१७. तेल टिकतं, डास मरतो

तिळात निम्म्याच्या आसपास तेल. ते सहज खवट होत नाही, याचं श्रेय सेसमिन, सेसमोलिन आणि सेसमोलिनपासून तयार होणाऱ्या सेसमोल यांना. जपानमध्ये हे घटक वाढवलेला ‘गोमाझो’ नावाचा वाण मुद्दाम पैदा केला गेला. ही झाली खाण्याची गोष्ट. मारण्याची गोष्ट अशी : १९४० च्या सुमारास लक्षात आलं की पायरेथ्रम या शेवंतीकुळातल्या कीटकनाशकात तिळाचं तेल मिसळलं तर त्याची मात्रा कितीतरी जास्त लागू पडते. कारण सेसमिन. आज फवाऱ्यांत वापरलं जाणारं पिपेरोनिल ब्युटॉक्साइड हे रसायन रचनेनं त्याचंच दूरचं भावंड.

एवढं असून तिळाच्या झाडाला अळी खातेच. पानं गुंडाळणारी आणि बोंडं पोखरणारी अळी ही तिळाची सगळ्यात जुनी दुश्मन. स्वतःच्या पोटात कीटकनाशकाचा साथीदार बाळगून शेवटी शेतकऱ्यालाच फवारणी करायला लावणारं हे पीक आहे.

१८. अनाथ, पण श्रीमंत

गहू-मक्याला मेक्सिकोत, भाताला फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट आहे, तिथे भुईमूग आहे, तीळ नाही. तिळाला असं एकही घर नाही. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ त्याला अनाथ पीक म्हणतात. भारतात मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकीय संसाधन ब्युरोकडे तिळाच्या नमुन्यांचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक साठा आहे आणि तीळ-कारळ्याच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचं काम जबलपूरहून चालत आलं आहे.

जनुकशास्त्रात चीननं आघाडी घेतली. २०१४ साली तिळाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला : सत्तावीस हजारांवर जनुकं. २०१५ साली ७०५ वाणांची जनुकं एकमेकांशी ताडून उत्पन्न, तेल आणि इतर गुणांशी जोडली गेली. आणि हो, बाजारात जीएम तीळ नाही. प्रयोगशाळेत पेशीपासून रोप घडवताना हे पीक फार आढेवेढे घेतं.

१९. संकरित तीळ का दिसत नाही?

मका, ज्वारी, कापूस यांचं संकरित बियाणं सर्रास मिळतं. तिळातही दोन वेगळ्या वाणांच्या लेकरात जोम दिसतो. पण एकेक फूल चिमटीनं ओढून लाखो दाणे कोण तयार करणार? पुंकेसर निकामी असलेली झाडं मिळाली तर माशीकडून काम करून घेता येतं. चीनला अशी नरवंध्य झाडं सापडली आणि तिथे संकरित तीळ निघाला. तरी नरवंध्य ओळीतली निम्मी झाडं सुपीक निघतात, ती फुलोऱ्यात हातानं उपटावी लागतात. म्हणून जगातला बहुतेक तीळ आजही साध्या, सरळ वाणाचाच आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही आनंदाची बातमी : चांगल्या वाणाचं बी स्वतःच्या शेतात राखता येतं.

२०. चिठ्ठीचा रंग बघा

पैदासकार बियाण्याच्या पिशवीला सोनेरी पिवळी चिठ्ठी असते, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. सत्यप्रत बियाण्याला हिरवी. एका हेक्टराला तिळाचं बियाणं लागतं अडीच-तीन किलो आणि पाच क्विंटल पिकलं तरी ते दोनशे पटीच्या आसपास वाढून परत येतं. भुईमुगाला हेक्टरी क्विंटलभर दाणा लागतो. म्हणजे नवा वाण गावभर पसरवायला तीळ हे फार सोपं पीक. एका शेतकऱ्याच्या एका हंगामातून उरलेलं बी पूर्ण गावाला पुरेल.

तरीही आपली सरासरी चीनच्या निम्म्याहून कमी. त्यातला काही भाग पावसावरच्या शेतीचा आणि हलक्या जमिनींचा आहे, तो वाण बदलून जाणार नाही. पण घरातलं वर्षानुवर्षांचं मिसळलेलं बी मूठभर फेकायचं, दाट उगवलं तरी विरळणी करायची नाही आणि मग ‘तिळात काही राहिलं नाही’ म्हणायचं, हा भाग नक्की जाईल. तेव्हा येत्या हंगामात तीळ घालणार असाल तर आपल्या भागाला शिफारस केलेला वाण विचारून घ्या, बारीक वाळू किंवा चाळलेलं शेणखत मिसळून पेरा, तीन आठवड्यांच्या आत विरळणी करा, पर्णगुच्छाचं झाड दिसताच उपटा आणि पुढच्या वर्षाचं बी सगळ्यात जास्त बोंडं धरलेल्या निरोगी झाडांवरून वेगळं काढा. तिळाच्या शेतात सगळ्यात कमी खर्च बियाण्याचा आहे. कंजुषी तिथे करू नका.